काठीवरचा अँटेना उतरवा, डिश आग्नेयेला वळवा

कोरेगाव तालुक्यातल्या एका ताईंचा प्रश्न आहे. घराच्या गच्चीवर वीस फुटी लोखंडी पाइपवर जुना ॲल्युमिनियमचा अँटेना अजून उभा आहे. सासूबाईंना सह्याद्री वाहिनी बघायची आहे, पण दर महिन्याचा रिचार्ज परवडत नाही. ऑनलाइन एक 'एचडी डिजिटल अँटेना' दिसला. तो त्याच पाइपवर चढवला तर फुकट चॅनेल लागतील का, आणि त्याचं तोंड कुठे करायचं? घराच्या आग्नेयेला शेजाऱ्यांचा दुमजली बंगला आणि परसातलं आंब्याचं झाड आहे, हेही त्यांनी कळवलंय. ते कळवलं हे फार बरं केलं.

ताई, तो अँटेना मागवू नका. मागवला असेल तर परत पाठवा. अँटेना वाईट असेल म्हणून मी हे सांगत नाही. चांगल्यातला चांगला लावलात तरी आपल्या जिल्ह्यात त्याला पकडायला हवेत आता काही राहिलेलं नाही.

मी गेली तीस वर्षं सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांत अँटेने आणि डिशा बसवतोय. सुरुवातीची वर्षं तर त्या काड्यांच्या अँटेन्यावरच पोट भरलं. साताऱ्यात अजिंक्यताऱ्यावरचा मनोरा नुसत्या डोळ्यांनी दिसायचा, तिकडे काड्या वळवल्या की काम झालं. डोंगराच्या आडोशाला असलेल्या गावांत मात्र पाइपला पाइप जोडायचा, एकाने वर धरून फिरवायचं, एकाने अंगणात उभं राहायचं आणि घरातून आवाज यायचा, "आलं, आलं... गेलं! मागं घ्या!" उंची वाढवली की चित्र सुधारायचं. कारण त्या लहरी जमिनीवरच्या मनोऱ्यातून आडव्या यायच्या आणि मधली टेकडी त्यांना अडवायची.

ते प्रक्षेपण आता थांबलंय. 2021-22 पर्यंत प्रसार भारतीने देशातले जवळजवळ सगळे जुने ॲनालॉग मनोरे बंद केले. मोक्याच्या मोजक्या जागा तेवढ्या ठेवल्या. जमिनीवरून डिजिटल प्रक्षेपण 2016 मध्ये सोळा शहरांत सुरू झालं. त्यांत महाराष्ट्रातली मुंबई आणि औरंगाबाद ही दोन शहरं होती. सातारा, सांगली त्यांत नव्हती. ऑनलाइन जाहिरातीत त्या अँटेन्याबरोबर जे चित्र दिसतं ते परदेशातलं आहे. तिकडे घराजवळच्या मनोऱ्यावरून डझनावारी चॅनेल खरोखरच फुकट मिळतात. इथे तोच अँटेना लावून सर्च मारलात तर पडद्यावर शून्य येईल आणि तुम्हाला वाटेल की तोंड चुकलं. मग पोरं त्या पाइपवर चढून फिरवत बसतील. ते व्हायला नको, म्हणून इतकं स्पष्ट सांगतोय.

फुकट टीव्ही हवा तर आपल्याकडे रस्ता एकच, दूरदर्शनची डीडी फ्री डिश. 2004 च्या डिसेंबरात ती 'डीडी डायरेक्ट प्लस' या नावाने सुरू झाली. डिश, एलएनबी (डिशसमोरच्या दांड्यावर बसणारा, लहरी पकडणारा छोटा डबा), केबल आणि बॉक्स यांचा एकदाच दोन हजारांच्या आसपास खर्च येतो. पुढे महिन्याला एक पैसा नाही. सह्याद्री त्यावर आहेच, शिवाय शंभराहून जास्त चॅनेल आणि आकाशवाणीही आहे. बॉक्स घेताना एमपेग-फोरचा, म्हणजे चित्र दाबून पाठवायच्या नव्या पद्धतीचा घ्या. जुन्या एमपेग-टूच्या बॉक्सवर काही चॅनेल दिसत नाहीत. त्याआधी टीव्हीच्या पाठीमागे एकदा बघा. केबलचा आट्यांचा कनेक्टर बसेल असं, सॅटेलाइट लिहिलेलं भोक असेल तर टीव्हीतच ट्यूनर आहे आणि बॉक्सचे पैसे वाचतात.

आता जागा. नव्वद टक्के काम इथेच होतं किंवा बिघडतं.

फ्री डिशचा उपग्रह जीसॅट-15. नोव्हेंबर 2015 मध्ये तो सोडला आणि विषुववृत्तावर 93.5 अंश पूर्व रेखांशावर, सुमारे 36,000 किलोमीटर उंचीवर तो आपल्या दृष्टीने एका जागी खिळलेला असतो. साताऱ्यातून बघितलं तर उत्तरेपासून घड्याळाच्या दिशेने 130 अंशांवर आणि क्षितिजापासून साडेएकोणसाठ अंश वर. सांगलीतून दिशा तीच, उंची एकसष्टच्या जरा आत. तुम्ही कोरेगावला असा नाहीतर मिरजेला, 130 आणि 60 हे दोन आकडे लक्षात ठेवले की पुरे. आग्नेय म्हणजे 135 अंश, म्हणजे आपल्याला आग्नेयेच्या किंचित पूर्वेकडे बघायचं आहे. आग्नेय कोपरा म्हणजे चुलीचा कोपरा, तो सासूबाई डोळे मिटून दाखवतील. मोबाइलमधलं होकायंत्र वापरायला हरकत नाही, फक्त लोखंडी पाइपापासून, पाण्याच्या टाकीच्या स्टँडपासून चार हात लांब उभं राहून वापरा. सळईच्या जवळ ते वीस-वीस अंश खोटं बोलतं.

साठ अंश म्हणजे किती उंच, याचा बहुतेकांना अंदाज येत नाही. मुलांच्या कंपासपेटीतला 30-60 चा गुण्या घ्या. लहान बाजू आडवी धरून साठ अंशांचा कोपरा डोळ्याजवळ आणा आणि तिरक्या लांब कडेवरून आग्नेयेला बघा. नजर जिथे जाते तिथे उपग्रह आहे. पहिल्यांदा बघणारा प्रत्येक जण म्हणतो, "अहो, हे तर पार डोक्यावर आहे!" हो, तसंच आहे. म्हणूनच जुन्या अँटेन्याचं उंचीचं वेड इथे सोडून द्यायचं. लहरी वरून येतात, वीस फुटी पाइपचा काडीचा उपयोग नाही. अंगणात, जमिनीपासून दोन फुटांवर बसवलेली डिशही तितकंच चांगलं चित्र देते, फक्त त्या एका रेषेत आकाश मोकळं हवं.

किती मोकळं, याचा हिशोब सोपा आहे. अडथळा डिशच्या पातळीपेक्षा जितका उंच, त्याच्या सहा-दशांश अंतर तरी मध्ये पाहिजे. दहा फूट उंच असेल तर सहा फूट. शेजाऱ्यांचा बंगला तुमच्या गच्चीपेक्षा समजा बारा फूट उंच आहे. मग सव्वासात फूट पुरतात. तुमच्या दोन घरांत बोळाचं अंतर धरून दहा फूट तरी असणारच, तेव्हा बंगल्याची काळजी सोडा. आंबा मात्र नीट बघा. गच्चीपासून त्याचा शेंडा पंचवीस फूट वर असेल तर पंधरा फूट अंतर लागेल, आणि झाड दरवर्षी वाढतं. आत्ता जेमतेम बसतंय म्हणून कठड्यावर डिश लावू नका. गच्चीच्या मागच्या, म्हणजे वायव्येच्या बाजूला सरका. पाच-सात फूट मागे गेलात की झाडाला पुढची बरीच वर्षं वाढायला जागा मिळते आणि आंब्यावर कुऱ्हाड चालवायची वेळ येत नाही.

झाडाच्या बाबतीत मी एकदा चुकलो, ते सांगतो. जावळी तालुक्यात फेब्रुवारीत एक डिश बसवली. समोर पांगरा होता, एकही पान नाही, नुसत्या फांद्या आणि लाल फुलं. सिग्नलची क्वालिटी उत्तम आली, पैसे घेतले, आलो. जुलैत त्या घरातल्या आजोबांचा निरोप आला की टीव्ही महिनाभर बंद आहे. जाऊन बघतो तर पांगरा हिरवागार आणि पावसाने निथळत होता. ओल्या पानांतून या लहरी पार होत नाहीत. डिश घराच्या दुसऱ्या टोकाला हलवली, नव्या केबलचे पैसे मी घेतले नाहीत. तेव्हापासून झाडाकडे बघताना ते श्रावणात कसं दिसेल ते आधी मनात आणतो.

जागा पक्की करायची आणखी एक युक्ती आहे, तिला काहीच लागत नाही. वर्षातून दोनदा सूर्य नेमका या उपग्रहाच्या मागे येतो. आपल्या भागात 12 मार्चच्या आसपास सकाळी सव्वाअकराला आणि 1 ऑक्टोबरच्या आसपास अकराला पाच-दहा मिनिटं कमी असताना. त्या वेळेला गच्चीवर जा. जिथे ऊन पडलंय तिथे डिश चालेल, जिथे सावली आहे तिथे चालणार नाही. झाडाची, टाकीची, शेजारच्या भिंतीची सावली खडूने आखून ठेवा, तुमचा नकाशा तयार. दोन-चार दिवस पुढे-मागे झाले तरी बिघडत नाही. याच दिवसांत बसवलेल्या डिशवरही त्या वेळेला काही मिनिटं चित्र फुटतं. सूर्य थेट एलएनबीत शिरतो आणि त्याच्या गोंगाटात उपग्रहाचा आवाज बुडतो. डिशला हात लावू नका, थोड्या वेळाने आपोआप येतं. डिसेंबराच्या शेवटी सूर्य खाली असतो, तेव्हा उंची कळत नाही, पण साडेनवाच्या सुमाराला त्याच्याकडे तोंड केलंत तर दिशा बरोबर मिळते.

डिश किती मोठी घ्यायची? कोरेगाव, खटाव, माण, तसंच सांगलीकडे विटा, आटपाडी, जत या पट्ट्यात 60-65 सेंटिमीटरची डिश चांगली चालते. महाबळेश्वर, जावळी, पाटण, शिराळ्याचा पश्चिम भाग, जिथे आषाढात चार-चार दिवस ढग उठत नाहीत, तिथे मी 90 ची लावतो. पावसाचे थेंब या लहरी शोषतात. 90 ची डिश 60 च्या सव्वादोनपट क्षेत्रफळाची, तेवढा जास्त सिग्नल गोळा होतो आणि मध्यम पावसात चित्र टिकतं. धो धो सर कोसळत असताना कुठलीही डिश हात टेकते, तेव्हा दहा मिनिटं थांबायचं. मोठी डिश घेताना एक जाणून घ्या. तिची नजर अरुंद असते. 60 ची साधारण तीन अंशांत बघते, 90 ची दोनच अंशांत. म्हणजे ती जास्त काटेकोर बसवावी लागते आणि वाराही जास्त धरते. तुम्हाला ती नको. 65 ची घ्या, पत्रा जाड आणि क्लॅम्प वजनदार बघून घ्या.

आता बसवणं. सगळ्यात आधी पाइप ओळंब्यात हवा. गवंड्याकडून ओळंबा मागून आणा आणि दोन बाजूंनी लावून बघा. पाइप कललेला असेल तर डिश डावी-उजवीकडे फिरवताना तिची उंचीही बदलत जाते आणि क्लॅम्पवरचे अंशांचे आकडे खोटे ठरतात. अर्धा दिवस शोधूनही सिग्नल न सापडण्याचं हे पहिलं कारण. पाइप सरळ असला की क्लॅम्पची खूण 60 वर आणून नट अर्धवट कसा. डिश आता तुम्हाला उगाच खाली बघतेय असं वाटेल, समोरच्या बंगल्याच्या भिंतीकडे. बरोबर आहे. या डिशा ऑफसेट असतात. त्यांचा एलएनबी मधोमध नसून खालून पुढे आलेला असतो, त्यामुळे तबकडी जिथे बघते त्यापेक्षा पंचवीसेक अंश वरच्या लहरी ती गोळा करते. डोळ्याला पटत नाही म्हणून लोक ती वर उचलतात आणि मग काहीच सापडत नाही.

एलएनबी सरळ उभा ठेवू नका, ही चूक मला दर दुसऱ्या घरात दिसते. उपग्रह उभ्या आणि आडव्या अशा दोन प्रकारच्या लहरी पाठवतो. फ्री डिशच्या उभ्या आहेत. पण उपग्रह आपल्या बराच पूर्वेला असल्यामुळे त्याची 'उभी' रेष आपल्याला जवळपास 46 अंश कललेली दिसते. डिशच्या मागे, उपग्रहाकडे तोंड करून उभे राहा आणि एलएनबी घड्याळाच्या उलट दिशेने तेवढा फिरवा. एरवी खाली, सहाच्या काट्यावर असणारी केबल साधारण साडेचारच्या काट्यावर येईल. सरळ ठेवलात तर अर्धा सिग्नल जागच्या जागी वाया जातो. चुकून दुसऱ्या बाजूला फिरवलात तर त्याहून वाईट, कारण मग बरोबर काटकोनाचा फरक पडतो आणि उभ्याच्या जागी आडव्या लहरी पकडल्या जातात.

बॉक्सच्या मेनूत उपग्रह 93.5, एलएनबी युनिव्हर्सल 9750-10600 ठेवा आणि 11090, सिम्बॉल रेट 29500, व्ही (म्हणजे उभ्या लहरी) ही नोंद निवडा. पडद्यावर दोन पट्ट्या येतील. स्ट्रेंग्थची पट्टी विसरून जा. केबल जोडली की डिश जमिनीकडे असली तरी ती भरते. आपल्याला क्वालिटी हवी. घरातल्या कुणाला तरी फोनवर घ्या, आकडा वाचायला सांगा आणि डिश डावी-उजवीकडे सरकवा. सावकाश म्हणजे खरंच सावकाश. 60 ची डिश एक अंश फिरते तेव्हा तिची कडा जेमतेम पाच मिलिमीटर हलते, गव्हाच्या दाण्याएवढी. तेवढं हलवायचं, दोन-तीन सेकंद थांबायचं, कारण बॉक्सला आकडा दाखवायला वेळ लागतो, मग पुढचं पाऊल. घाईत पुढे निघून गेलात तर उपग्रह मागे राहतो आणि तुम्हाला कळतही नाही.

स्ट्रेंग्थ भरपूर, क्वालिटी शून्य, तरीही सिग्नल फाइंडर (सिग्नल सापडला की वाजणारं छोटं यंत्र) जोरात वाजतोय, असं झालं तर बहुधा तुम्ही शेजारच्या उपग्रहावर आहात. डिश टीव्ही कंपनीचा उपग्रह 95 अंशांवर, म्हणजे फक्त दीड अंश पलीकडे आहे. तिथून डिश किंचित दक्षिणेकडे, साधारण दोन अंश वळवा आणि अंशभर वर उचला, क्वालिटी उसळेल. हेच उलटंही उपयोगी पडतं. घरात बंद पडलेल्या कनेक्शनची डिश असेल तर नवी घेऊच नका. डिश टीव्हीची असेल तर एवढीच हलवायची, सन डायरेक्टची असेल तर तिचा उपग्रह फ्री डिशचाच आहे. टाटा प्लेची असेल तर ती 83 अंशांच्या उपग्रहाकडे बघतेय, तिथून पूर्वेकडे 22 अंश फिरवा आणि 7 अंश खाली आणा. पत्रा पोचा पडलेला नसला आणि एलएनबीचं पुढचं प्लास्टिकचं टोपण तडकलेलं नसलं म्हणजे झालं.

क्वालिटी सगळ्यात वर गेली की नट कसायचे, तेही एकाआड एक, थोडे थोडे. एकच नट पिळून कसला की डिश त्या बाजूला ओढली जाते आणि मिळवलेला अर्धा अंश जातो. कसून झाल्यावर क्लॅम्प आणि पाइप यांच्या सांध्यावर ऑइल पेंटची एक उभी रेघ ओढा. वळिवाच्या वाऱ्यानंतर टीव्ही गेला तर आधी ती रेघ बघायची. रेघ तुटलेली दिसली तर डिश हललीय, जुळत असेल तर दोष दुसरीकडे आहे.

दुसरीकडे म्हणजे बहुधा कनेक्टरमध्ये. केबल सोलताना आतली पांढरी नळी कनेक्टरच्या आतल्या काठाशी बरोबर यावी आणि तांब्याची तार दोन-तीन मिलिमीटर बाहेर असावी. वरच्या जाळीचा एक केस जरी मधल्या तारेला टेकला तरी शॉर्ट होतो. म्हणून जोडण्याआधी तोंड उजेडाकडे धरून बघा, आणि जोडताना बॉक्सचा प्लग काढलेला असू द्या. एलएनबीजवळ केबलला खाली एक पोट सोडा, म्हणजे पावसाचं पाणी तिथून ठिबकतं, कनेक्टरमध्ये उतरत नाही. त्यावर रबरी टोपी किंवा नीट ओढून गुंडाळलेली टेप. पाणी शिरलेली तार मी बघितल्याबरोबर ओळखतो, चकाकी जाऊन ती चहाच्या रंगाची होते. तेवढी वीतभर केबल कापून नवा कनेक्टर लावला की टीव्ही परत येतो. विजा चमकायला लागल्या की टीव्हीचा आणि बॉक्सचा प्लग काढायचा आणि केबलही सोडवायची, हे घरातल्या लहानांनाही सांगून ठेवा.

एखादं चॅनेल अचानक गायब झालं तर लगेच गच्चीवर जाऊ नका. खासगी चॅनेलांना फ्री डिशवरची जागा लिलावात घ्यावी लागते, त्यामुळे बहुतेक वेळा एप्रिलच्या सुरुवातीला चॅनेल येतात-जातात. बॉक्सवर ऑटो स्कॅन करा.

राहिला तो वीस फुटी पाइप. विकू नका. दीड इंची असेल तर त्यातला तीन फुटांचा सरळ, न गंजलेला तुकडा कापून घ्या, खाली चौकोनी प्लेट वेल्डिंग करून घ्या आणि गच्चीच्या वायव्य कोपऱ्यात फास्टनरने बसवा. प्लेट बसवताना स्लॅबला भोक पडेल, त्यात आधी वॉटरप्रूफिंगचं सिमेंट भरायला सांगा, नाहीतर पावसाळ्यात खालच्या खोलीत ओल येईल. बसवून झालं की क्वालिटीचा आकडा मला कळवा.